भाकरी ज्याच्या त्याच्या हातची

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



लहानपणी आजीने घातलेलं एक कोडं तुम्हालाही आठवत असेल. घोडा का अडला? पान का सडलं? भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच, ‘न फिरवल्यामुळे’. अलीकडे हे उत्तर राजकारणात फार चालतं. निवडणूक जवळ आली, की भाकरी फिरवायची भाषा सुरू होते. पण ही भाषा करणाऱ्यांपैकी किती जणांनी तव्यावरची खरीखुरी भाकरी कधी फिरवली असेल? हा प्रश्न विचारायचा अधिकार मला स्वतःलाही उशिराच मिळाला. वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत मीही ती फिरवलेली नव्हती.

मी परंड्याचा. धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आमचा तालुका. बार्शी जवळ, करमाळा जवळ. परंडा म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतलं, त्यानंतर काही काळ निजामशाहीचा कारभार इथूनच चालला. किल्ल्यातल्या तोफा पाहायला आजही लोक येतात. पण किल्ल्याच्या आजूबाजूची जी काळी जमीन आहे, तिचं खरं वैभव म्हणजे रब्बीची ज्वारी. आणि ज्वारी म्हणजे भाकरी. आमच्याकडे बोलताना आम्ही ‘भाकर’च म्हणतो. जेवण झालं का, असं न विचारता ‘भाकर खाल्ली का’ असं विचारतो. ताटात भात असला, चपाती असली, तरी प्रश्न भाकरीचाच.

तर गोष्ट अशी झाली. एका दिवाळीनंतर आमच्या मंडळी अंगणात पाय घसरून पडल्या आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर बसलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीवर. घरात आम्ही दोघंच. पहिले चार-आठ दिवस शेजारपाजारच्या घरून डबा आला. आपल्याकडे त्या बाबतीत माणुसकी शिल्लक आहे. पण रोज कुणाला त्रास द्यायचा? मग मी बेकरीचा पाव आणायला लागलो. सकाळी चहात टोस्ट, दुपारी भातावर वरण, रात्री पाव आणि दूध. भात मला येत होता. कुकरला तीन शिट्ट्या दिल्या की झालं.

आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी मंडळी म्हणाल्या, “अहो, कोठीत तीन पोती ज्वारी हाय आणि आपण पाव खातोय. मला आता भाकर पायजे. तुम्ही बसा, मी सांगते तसं करा.”

श्रोतेहो, मला त्या वाक्याची लाज वाटली. ज्वारी माझ्या शेतातली. पेरणी मी बघितलेली, राखण मी केलेली, मळणीला मी उभा राहिलेला. बाजारभाव मला तोंडपाठ. पण त्या ज्वारीचं अन्न करून पोटात घालायचं, तर मला काही येत नव्हतं. तीन पोती धान्याचा मालक आपल्याच घरात उपाशी, अशी माझी अवस्था होती. आणि आपल्या गावांमधून माझ्यासारखे किती जण असतील, याचा विचार करा. बायको गेल्यावर चहा-बिस्किटांवर दिवस काढणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याही घरी धान्य असतं. नसतो तो हात.

म्हणून आज मी भाकरीबद्दल बोलणार आहे. ती कशी करायची, ती का जमत नाही, तिला खर्च किती येतो आणि ती आपल्या हातून कशी निसटत चालली आहे, एवढंच. कागद-पेन्सिल घ्यायची गरज नाही. यात लिहून घेण्यासारखं मापही फारसं नाही.

आधी पीठ. चार भाकरींना साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे एका किलोत अकरा-बारा भाकरी होतात. पीठ ताजं हवं आणि बारीक दळलेलं हवं. गिरणीत दळण देताना जाणत्या बाया ‘ज्वारीवर ज्वारी’ टाकायला सांगतात. म्हणजे आधीच्या गव्हाचं किंवा डाळीचं पीठ आपल्यात यायला नको. दळण एका वेळी आठ-पंधरा दिवसांचंच न्यायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापायला घेतली की कडेने फाटते, उचलली की तुटते. माझ्या पहिल्या दिवसाच्या तीन भाकरी अशाच तुटल्या. मला वाटलं, माझाच हात वाईट. मंडळींनी पिठाचा डबा हुंगला आणि म्हणाल्या, “पडायच्या आधी दळलेलं पीठ हाय हे. महिना झाला. कुणालाबी जमायची नाही.”

दुसरं पाणी. गव्हाची कणीक गार पाण्यात भिजते, कारण गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते ओलं झालं आणि मळलं, की रबरासारखं ताणतं. चपाती लाटता येते ती त्यामुळे, आणि पाव फुगून तसाच राहतो तोही त्यामुळेच. ज्वारीत हे ग्लुटेन नाही. मग पीठ धरून कोण ठेवणार? तर ते काम पिठातल्या स्टार्चकडून करून घ्यावं लागतं. साधारण सत्तर अंशांच्या पुढच्या गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. म्हणून भाकरीला उकळतं आधण लागतं. आपल्या आज्या-पणज्यांना स्टार्च हा शब्द ठाऊक नव्हता, पण पाण्याला बुडबुडे आल्याशिवाय त्या पिठाला हात लावत नव्हत्या.

काठवटीत किंवा परातीत पीठ घ्यायचं, मधे आळं करायचं, आळ्यात आधण ओतायचं आणि उलथन्याने कालवायचं. हात घालायचा नाही, भाजतो. दोन मिनिटं झाकून ठेवायचं. मग गार पाण्याचा हात घेत तळहाताच्या टाचेने मळायचं. इथे घाई चालत नाही. पीठ परातीवर पुढे रेटायचं, परत गोळा करायचं, परत रेटायचं. चार-पाच मिनिटांनी ते मऊ, गुळगुळीत होतं. जुन्या बाया सगळं पीठ एकदम मळत नाहीत. एका भाकरीपुरतं घेतात, मळतात, थापतात, तव्यावर टाकतात, आणि ती भाजतेय तोवर पुढचं मळतात. दोन्ही हात, तवा आणि जाळ यांचा एक हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असतो.

मग उंडा करायचा. परातीत कोरडं पीठ पसरायचं, उंडा त्यावर ठेवायचा आणि बोटांनी हलकेच थापत फिरवत राहायचं. पुरुषमाणसाची चूक इथे होते. आपण जोर लावतो. जोराने भाकरी मोठी होत नाही, परातीला चिकटते. फिरत राहिली पाहिजे. आजीच्या कोड्याचं उत्तर तव्यावर जायच्या आधीपासून लागू होतं, हे मला तेव्हा कळलं. मध्यभागी जाड आणि कडेला पातळ, अशी करायची नाही. सगळीकडे सारखी हवी. परातीत अजिबात जमलं नाही, तर ओल्या सुती फडक्यावर थापा. ते उचलून तव्यावर पालथं करायचं आणि फडकं सोडवून घ्यायचं. जुन्या बाया हसतील. हसू द्या.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी दोन्ही हातांवर घेऊन अशी टाकायची, की पिठाची बाजू वर येईल. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. या पाण्याने वरचं कोरडं पीठ धुतलं जातं आणि पृष्ठभाग बंद होतो. पाणी सुकत आलं, पण अगदी वाळलं नाही, अशा वेळी उलटायची. पाणी पूर्ण वाळू दिलं तर भाकरीला भेगा पडतात. फार लवकर उलटली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू सावकाश, नीट भाजू द्यायची. मग तव्यावरून काढून पहिली बाजू जाळाकडे. चूल असेल तर पुढे ओढलेल्या आरावर उभी करून टेकवायची, गॅस असेल तर सरळ आचेवर. दोन्ही पृष्ठभाग बंद असले, कुठे फाटलेलं नसलं, तर आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि भाकरी टम्म फुगते. वरचा पापुद्रा सुटतो. त्या पापुद्र्यात मीठ-तिखट-तेल घालून खाल्लेलं ज्यांनी बालपण काढलं आहे, त्यांना मी जास्त काय सांगू?

माझी पहिली फुगलेली भाकरी सहाव्या दिवशी झाली. मी ताटात वाढली. मंडळींनी डाव्या हाताने तोडली, चावली आणि म्हणाल्या, “मधी जरा कच्ची हाय. पण भाकर हाय.” आजवर मिळालेल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला ते मोठं वाटलं.

आता खर्चाचं बोलू. २०२४-२५ या हंगामासाठी केंद्र सरकारने मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३४२१ रुपये जाहीर केली होती. म्हणजे किलोला चौतीस रुपये. या भावाने एका भाकरीत तीन रुपयांची ज्वारी जाते. दुकानातून किलोला पन्नास रुपये देऊन आणली, तरी साडेचार रुपये. दळण आणि जळण थोडंफार. तेल नाही, साखर नाही, यीस्ट नाही, ओव्हन नाही. मीठसुद्धा बहुतेक घरांत घालत नाहीत. एवढ्या कमी सामानात होणारं दुसरं अन्न शोधून सापडायचं नाही. खानावळीत याच भाकरीला कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. आपण म्हणतो, महाग झालं. पण फरक कशाचा आहे? थापणाऱ्या हाताचा. घरात तो हात फुकट मिळत होता, म्हणून आपल्याला भाकरी स्वस्त वाटत होती. चार माणसांच्या घरात दोन वेळच्या मिळून वीस भाकरी धरल्या, तर वर्षाच्या सात हजारांवर जातात. तीस-पस्तीस वर्षांच्या संसाराचा हिशेब तुम्हीच करा. मोडलेलं मनगट एवढं काम करून आलेलं होतं, हे मला प्लास्टर बघत बसल्यावर सुचलं.

‘लष्कराच्या भाकरी भाजणं’ असा वाक्प्रचार आपण वापरतो, नसती उठाठेव या अर्थाने. आषाढात पैठणहून पंढरपूरला निघालेली नाथांची पालखी आमच्या परंड्यावरून जाते. त्या वेळी घरोघरी वारकऱ्यांसाठी भाकरी होतात. दुरड्या भरून आम्ही पुरुषमंडळी त्या नेऊन वाढायचो आणि पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं. त्या थापल्या कुणी, पहाटे किती वाजता उठून थापल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

या भाकरीमागे धान्याचीही मोठी कथा आहे. आमच्याकडची रब्बी ज्वारी पेरतात भाद्रपद-आश्विनात. पाऊस जाता जाता जमिनीत जी ओल राहते, तिच्यावर हे पीक येतं. काळी जमीन ओल धरून ठेवते. वर थंडी आणि दव. पाणी न देता माघ-फाल्गुनात कणसं हाती येतात. या भागात जी मालदांडी प्रसिद्ध आहे, तिचा ३५-१ हा निवडक वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रातून १९३०च्या दशकात आला. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती दिल्या, परभणीच्या विद्यापीठाने परभणी मोती दिली. तरीही भाकरीसाठी दाणा घेताना माणूस विचारतो, मालदांडी आहे का? शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली, ती कथा त्याच मंगळवेढ्याची.

दुष्काळ म्हटला, की माझ्या पिढीच्या आणि आधीच्या पिढीच्या डोळ्यांपुढे १९७२ उभा राहतो. मी तेव्हा लहान होतो. शेतात काही पिकलं नव्हतं. खडी फोडायची, रस्त्याची, तलावाची कामं निघाली. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायचा. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी लालसर व्हायची, वातड लागायची, आणि मुलं ती खाताना रडायची. पण ती थापली जायची. आई त्यातच आम्हाला चानकी करून द्यायची. चानकी म्हणजे लहान मुलापुरती छोटी भाकरी. आपल्यासाठी वेगळी चानकी केली म्हणून पोरगं रडणं विसरायचं. धान्य परकं होतं, हात घरचा होता. त्या वर्षाने आम्हाला तारलं, ते या दोन्हींनी मिळून.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बरंच बदललं. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला होता. खरिपात तो भरघोस पिकायचा. पण ऐन काढणीत पाऊस आला की दाणा काळा पडायचा. अशा दाण्याच्या भाकरीला लोक नाक मुरडायचे. ‘हायब्रीड’ हा शब्द आमच्याकडे बेचव माणसालाही लावतात, तो तिथून आला. हळूहळू खरिपात सोयाबीन आलं. धरणं, विहिरी, बोअर झाले तिथे ऊस आला. आमच्या तालुक्यात सीना-कोळेगाव प्रकल्प झाला, जवळच साखर कारखाना झाला. पाणी असलेला शेतकरी ज्वारीकडे का वळेल? त्यात रब्बी ज्वारी हाताने उपटून काढावी लागते. वाळलेल्या जमिनीतून धाटं उपटताना तळहाताला फोड येतात. त्या कामाला आता माणूस मिळत नाही. पूर्वी कडब्यासाठी तरी ज्वारी पेरायचे, पण घरटी जनावरंही कमी झाली.

दुसरीकडे रेशनवर गहू आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू दोन रुपये किलो आणि भरडधान्य एक रुपया किलो, असे दर ठरले. जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना ते धान्य मोफत झालं. प्रत्यक्षात आमच्या भागात पिशवीत पडतो तो बहुतेक वेळा गहू आणि तांदूळ. गरिबाच्या घरात चपाती आली, याचं मला वाईट वाटत नाही. एके काळी चपाती फक्त सणाला मिळायची. पण उलटा खेळ असा झाला, की गरिबाची भाकरी महाग झाली आणि शहरातल्या डॉक्टरने सांगितलं म्हणून श्रीमंत माणूस ती शोधायला लागला. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. भाषणं झाली, प्रदर्शनं झाली. चांगलंच झालं. पण ज्वारीचं पोतं आणि ताट यांच्या मधे जी परात आहे, तिच्याविषयी कुणी फारसं बोललं नाही.

भाकरीचं कौतुक करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसत्या भाकरीवर माणूस तंदुरुस्त राहत नाही. १९६०च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या भागात ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमधला पेलाग्रा हा रोग अभ्यासला होता. त्यात उन्हाला उघडं राहणारं अंग काळवंडतं, कातडी सोलते. ताटात ज्वारीशिवाय दुसरं काही नसलं, की असं होतं. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं, ते डाळीत, हुलग्यात, शेंगदाण्यात असतं. म्हणून भाकरीबरोबर पिठलं, आमटी, शेंगाची चटणी, मूठभर पालेभाजी, वाटीभर ताक हवंच. आपल्या जुन्या ताटात हे होतं. भाकरीबरोबर नुसता ठेचा, हे गरिबीचं ताट आहे. त्याला चव असते, पण त्याचं गुणगान करू नये.

जगात पाहिलं, तर ही ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. सुदानमध्ये आजही ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ पोळी करतात, तिला किसरा म्हणतात. मेक्सिकोत मक्याच्या पिठाच्या भाकरी हाताने थापतात. पोर्तुगीजांनी गोव्यात पाव आणला आणि तो आपल्या मिसळीबरोबर गावोगाव पोचला. ज्या देशात जे पिकतं, त्याला जे मानवतं, तशी तिथली भाकरी. पाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या पडत्या काळात त्यानेच दहा दिवस काढून दिले. पण पाव करायला गहू, यीस्ट आणि भट्टी लागते. आपल्या मातीतलं धान्य पाण्यावर आणि तव्यावर भागतं.

आमच्या शेजारच्या सोलापूरने या भाकरीला एक वेगळी वाटही दाखवली आहे. तिथली कडक भाकरी प्रसिद्ध आहे. पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर किंवा हवेवर पूर्ण वाळवायची. पाण्याचा अंश गेला, की ती पापडासारखी होते आणि कित्येक दिवस टिकते. पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस ती फडक्यात बांधून न्यायचा. आता महिलांचे बचत गट ती पाकिटात भरून विकतात, पुण्या-मुंबईला पाठवतात. आमटीत किंवा दुधात कुस्करून खायची. जो हात घरात फुकट राबत होता, त्याला इथे मोल मिळालं. मला यात मोठी गोष्ट दिसते. भाकरी थापणं हे कसब आहे, आणि कसबाला दाम असतो.

पण प्रत्येक घराने भाकरी विकत घ्यावी, असं मला म्हणायचं नाही. माझं मागणं साधं आहे. घरातल्या प्रत्येकाला एक भाकरी करता आली पाहिजे. मुलीला येते का, हे आपण सोयरीक बघताना विचारत आलो. मुलाला येते का, हे कधी विचारलं नाही. पुण्याला शिकायला जाणारं पोरगं मेसच्या जेवणाला कंटाळून महिन्याला किती पैसे बाहेर घालवतं, ते त्याच्या आई-बापाला ठाऊक आहे. त्याच्या खोलीवर छोटी शेगडी असते. सोबत दोन किलो पीठ आणि पंधरा दिवसांच्या सरावाचा हात दिला, तर ते उपाशी राहणार नाही. आणि म्हातारपणी, दोघांपैकी एक जण मागे राहिल्यावर, तोच हात उपयोगी पडेल. हे बोलायला कठीण आहे, पण आमच्या वयात ते बोललं पाहिजे.

संक्रांतीच्या आधी मंडळींचं प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण मनगटात पहिली ताकद राहिली नाही. भाकरी त्या थापू शकतात, पीठ मळताना मात्र कळ येते. म्हणून आमच्या घरात आता कामाची वाटणी झाली आहे. आधण आणि मळणं माझ्याकडे, थापणं त्यांच्याकडे, आणि तव्यावर फिरवायचं काम ज्याचा हात मोकळा असेल त्याच्याकडे.

भोगीला मुलगा, सून आणि नातू आले होते. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी व्हायची होती. मी परात पुढे ओढली आणि पीठ मळायला बसलो, तर मुलगा बघतच राहिला. म्हणाला, “बाबा, तुम्ही?” मी म्हटलं, “हो, मीच. आता तू हात धुऊन ये.” त्याची पहिली भाकरी फाटली, दुसरी चिकटली. सून हसत होती. मग सहा वर्षांचा नातू मधे घुसला. त्याला लिंबाएवढा उंडा दिला. त्याने तो दोन्ही हातांनी बडवला, वेडावाकडा केला, आणि मंडळींनी तो तव्यावर भाजून दिला. चांगली दोन घासांची चानकी झाली. ती त्याने कुणालाही वाटणी न देता खाल्ली.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी भाकरी होत असेल, तर एकदा परातीपाशी जाऊन बसा. पहिली तुटेल. दुसरी तुटेल. पीठ जुनं नाही ना, पाण्याला उकळी आली होती ना, एवढं तपासा आणि तिसरी करा. आणि ती खाताना, आजवर किती भाकरी तुमच्या ताटात आयत्या आल्या, त्या करणारीची थोडी आठवण ठेवा.